सांगायचे राहून गेलेले पाप

नोव्हेंबर १९९७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पर्यावरणावर एक परिसंवाद भरला होता. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जगताचे अग्रणी, कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू तिथे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी एक यादीच सांगितली. जीवजाती नामशेष करणे, जंगले उघडीबोडकी करणे, पाणथळ जागा बुजवणे, हवामानात बिघाड घडवणे, पाणी, माती आणि हवा नासवणे ही सगळी पापे आहेत, असे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. तोवर हे प्रश्न शास्त्रज्ञांचे, सरकारांचे, फार तर कवींचे समजले जात. इतक्या मोठ्या पदावरच्या धर्मगुरूने त्यांना थेट पापाच्या खात्यात टाकणे ही नवी गोष्ट होती.

ख्रिस्ती परंपरेत पाप हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. त्याच्यामागोमाग एक शिस्त येते. आपले वागणे आठवायचे, त्याचा मनापासून खेद करायचा, ते तोंडाने कबूल करायचे आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करायची. कॅथलिक देवळात जाळीआड बसलेल्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून ही कबुली दिली जाते. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार, बापाशी भांडण या गोष्टी तिथे शतकानुशतके सांगितल्या गेल्या. पण विहिरीचे पाणी उपसून विकले, खाडी बुजवली, डोंगर पोखरला, हे सांगायला कुणी गेले असेल का? आणि गेलेच, तर धर्मगुरूने प्रायश्चित्त काय द्यावे? गेल्या अर्धशतकातल्या ख्रिस्ती पर्यावरणचिंतनाचा सगळा कस या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात लागतो.

या चिंतनाला खरी चालना मिळाली ती एका आरोपामुळे. मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी डिसेंबर १९६६मध्ये एक व्याख्यान दिले. मार्च १९६७मध्ये ते ‘सायन्स’ साप्ताहिकात छापून आले, अवघ्या पाच पानांत. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगातला सर्वांत मनुष्यकेंद्री धर्म आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्तपूर्व युरोपात प्रत्येक झाडाला, झऱ्याला, टेकडीला स्वतःची राखणदार देवता होती. झाड तोडण्याआधी तिची समजूत काढावी लागे. ख्रिस्ती धर्माने या देवता हाकलून लावल्या आणि मागे उरला तो केवळ कच्चा माल. त्यातच बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातला पहिलाच अध्याय सांगतो की, देवाने माणसाला पृथ्वी अंकित करायला आणि प्राण्यांवर सत्ता चालवायला सांगितले. व्हाइट स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते, त्यामुळे हा बाहेरच्याने मारलेला दगड म्हणून झटकून टाकता येईना.

व्हाइट यांच्या बाजूने इतिहास बोलतोही. इसवी सन ७२३च्या सुमाराला संत बॉनिफेस यांनी जर्मनीतल्या गाइस्मार गावी विजेच्या देवाला वाहिलेला प्रचंड ओक वृक्ष तोडला आणि त्याच लाकडाचे प्रार्थनामंदिर उभारले. त्यांच्या चरित्रकाराने हा प्रसंग पराक्रम म्हणून रंगवला आहे. बाराशे वर्षांनंतर केनियात वंगारी मथाई नावाच्या मुलीला तिची आई बजावत असे की, घराजवळच्या मुगुमो झाडाखालचे सरपण उचलायचे नाही. ते देवाचे झाड आहे. त्या उंबरजातीच्या झाडाशेजारी एक झरा होता. मुलगी तिथे बेडकांच्या अंड्यांशी खेळायची. पुढे ती अमेरिकेत बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकून परतली, तेव्हा नव्या मालकाने चहा लावण्यासाठी झाड तोडले होते आणि झराही आटला होता. झाडाची खोल गेलेली मुळे भूगर्भातले पाणी वर यायला वाट करून देत होती, हे तिला विज्ञानामुळे कळले. आईला ते विज्ञान ठाऊक नव्हते, पण झाड राखायचे कसे हे ठाऊक होते. मथाई यांनी १९७७मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, २००४मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्या अखेरपर्यंत कॅथलिक राहिल्या. पण परक्यांसोबत आलेल्या धर्माने आपल्या किकुयू लोकांची पवित्र झाडे निव्वळ लाकूड ठरवली, ही तक्रारही त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

तरी व्हाइट यांचा सिद्धान्त जसाच्या तसा मान्य करणे कठीण आहे. अरल समुद्र सुकवणारी सोव्हिएत राजवट उघडपणे निरीश्वरवादी होती. ‘उत्पत्ती’तले ते वचन तर वाफेचे इंजिन येण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीपासून वाचले जात होते. जेरेमी कोहेन या अभ्यासकाने प्राचीन काळापासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ज्यू आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी त्या वचनाचा अर्थ कसा लावला ते तपासले, तेव्हा निसर्ग ओरबाडण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहणारे क्वचितच सापडले. भाष्यकारांचे लक्ष होते संततीच्या आशीर्वादाकडे आणि देवाशी असलेल्या कराराकडे. शिवाय दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर जमीन देवाची आहे, माणूस तिच्यावर उपरा म्हणून राहतो, म्हणून ती कायमची विकता येत नाही आणि दर सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा लागतो, असा नियमच घालून दिला आहे. जर्मन ईश्वरविद्यावेत्ते युर्गेन मोल्टमान यांनी १९८५मधल्या आपल्या ग्रंथात याच धाग्यावर भर दिला. सृष्टीचा मुकुटमणी सहाव्या दिवशी घडवलेला माणूस नव्हे, सातव्या दिवसाचा विसावा आहे, ही त्यांची मांडणी. सगळ्या निर्मितीचा रोख विश्रांतीकडे असेल, तर अखंड उत्पादन हेच श्रद्धेच्या विरोधात जाते.

व्हाइट यांच्याही पाच वर्षे आधी हा विषय भारतात निघाला होता, हे फारसे सांगितले जात नाही. नोव्हेंबर १९६१मध्ये जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. तिथे शिकागोचे लुथरन विचारवंत जोसेफ सिट्लर यांनी कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन सांगितले की, ख्रिस्ताने केलेला उद्धार माणसाच्या आत्म्यापुरता नाही; स्वर्गात आणि पृथ्वीवर जे काही आहे ते सगळे त्यात येते. निसर्गाला कृपेच्या परिघाबाहेर ठेवले, की उद्धार म्हणजे जळत्या घरातून निवडक माणसांना बाहेर काढणे एवढेच उरते. रेचेल कार्सन यांचे कीटकनाशकांवरचे पुस्तक तेव्हा यायचे होते. अणुबॉम्बच्या सावलीतले ते भाषण अनेक प्रतिनिधींना अनाकलनीय वाटले. पुढे दिल्लीचेच मलंकारा ऑर्थोडॉक्स बिशप पाउलोस मार ग्रेगोरिओस यांनी १९७८मध्ये या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. माणूस सृष्टीचा मालक नाही आणि नुसता कारभारीही नाही. सृष्टीच्या वतीने देवापुढे उभा राहणारा तिचा पुरोहित आहे, हा त्यातला विचार. पौर्वात्य ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वर उचलून देवाला परत केला जातो. त्या कृतीत सगळी शेती, पाऊस, माती येते, असे त्यांना म्हणायचे होते.

मालक, कारभारी, पुरोहित. या तिघांहून वेगळे चौथे नाते असिसीच्या फ्रान्सिसचे. व्हाइट यांनी आपल्या निबंधाच्या शेवटी त्यालाच पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत करावे असे सुचवले होते आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९मध्ये तशी घोषणाही केली. पण फ्रान्सिस म्हटले की पाखरांना प्रवचन देणारा गोड साधू डोळ्यांपुढे येतो, आणि तिथेच गफलत होते. त्याने सृष्टीचे प्रसिद्ध स्तोत्र रचले ते १२२५च्या सुमाराला, सान दामियानोमधल्या एका झोपडीवजा खोलीत पडून असताना. डोळ्यांच्या दुखण्याने त्याला दिवसाचा उजेड सहन होत नव्हता, रात्री शेकोटीचा प्रकाशही सोसत नव्हता. खोलीत उंदरांचा इतका सुळसुळाट होता की, झोपणे-जेवणे अवघड झाले होते. अशा अवस्थेत ज्याच्याकडे पाहता येत नव्हते त्या सूर्याला त्याने भाऊ म्हटले. पाणी बहीण, वारा भाऊ, धरती बहीण आणि आईही. नंतर वैद्यांनी तापलेल्या सळईने त्याच्या गालापासून भुवईपर्यंत डाग दिला, तेव्हा त्याने अग्नीला भाऊ म्हणून हाक मारली आणि जरा सौम्य हो अशी विनवणी केली, असे त्याचे आद्य चरित्रकार सांगतात. निसर्ग सुखाचा असताना त्याला आप्त म्हणणे सोपे आहे. पोळणाऱ्या अग्नीला आप्त म्हणणारा माणूस उपयुक्ततेचा हिशेब ओलांडून पलीकडे गेलेला असतो.

त्याच स्तोत्राच्या सुरुवातीच्या शब्दांवरून पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले. १८ जून २०१५ रोजी ते प्रसिद्ध झाले. व्हॅटिकनमध्ये त्याचे प्रकाशन करणाऱ्यांत ऑर्थोडॉक्स परंपरेचे मेट्रोपोलिटन जॉन झिझिउलस होते आणि परिपत्रकाच्या सुरुवातीलाच बार्थोलोम्यू यांची ती पापांची यादी येते. हजार वर्षे दुरावलेल्या दोन शाखांना जवळ आणणारा हा विषय ठरावा, हेही लक्षणीय. २४६ परिच्छेदांच्या या पत्रात खारफुटी आहे, प्रवाळ आहे, प्लवंग आहेत. अली अल-खव्वास या सूफी लेखकाचा उल्लेखही आहे. ख्रिस्ती माणसांनी बायबलचा कधी कधी चुकीचा अर्थ लावला, याची कबुली आहे. कार्बन क्रेडिटची खरेदी-विक्री हा नवा सट्टा होईल, अशी शंका आहे. शुद्ध पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे ठणकावून सांगितले आहे. आणि श्रीमंत देशांवर गरीब देशांचे ‘पर्यावरणीय ऋण’ आहे, हेही. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, हा त्यातला मध्यवर्ती विचार ब्राझीलच्या लिओनार्दो बोफ यांनी दोन दशके आधी मांडला होता. त्याच बोफ यांच्यावर व्हॅटिकनने १९८५मध्ये मौनाची शिक्षा लादली होती.

परिपत्रकानंतर चार वर्षांनी ॲमेझॉन खोऱ्यातल्या बिशपांची सभा रोममध्ये भरली. तिच्या अंतिम निवेदनात ‘पर्यावरणीय पाप’ याची व्याख्या करण्यात आली: देव, शेजारी, समाज आणि पर्यावरण यांच्याविरुद्ध केलेली कृती किंवा टाळलेले कर्तव्य. येणाऱ्या पिढ्यांविरुद्धचे पापही त्यात धरले गेले. पाठोपाठ नोव्हेंबर २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दंडविधान अभ्यासकांपुढे बोलताना, हे पाप धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात घालण्याचा विचार सुरू असल्याचे सांगितले.

इथे खरी तात्त्विक अडचण सुरू होते. कॅथलिक शिकवणीनुसार घोर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, करणाऱ्याला तिची पूर्ण जाणीव हवी आणि त्याची मनापासून संमती हवी. हवामानबदलाच्या बाबतीत पहिली अट सहज पुरी होते. उरलेल्या दोन निसटतात. शाळेत मुलाला स्कूटरवर सोडणाऱ्या बाईने समुद्राची पातळी वाढवण्याला संमती दिली आहे का? अब्जावधी बारीकसारीक, बऱ्याचदा निरुपद्रवी कृतींची बेरीज संहारक होते आणि त्या बेरजेखाली कुणाचीच सही नसते. लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी १९६८मध्ये मेदेयीन इथे अन्याय्य व्यवस्थेलाच पापाची अवस्था म्हटले होते. जॉन पॉल दुसरे यांनी १९८७मध्ये ‘पापाच्या संरचना’ ही कल्पना मान्य केली, पण या संरचना शेवटी माणसांच्याच पापांतून उभ्या राहतात, ही पुस्ती जोडून. ही पुस्ती मोलाची आहे. व्यवस्थेला पापी ठरवले की प्रत्येक जण निर्दोष सुटतो. व्यक्तीलाच पापी ठरवले, तर स्कूटरवाली बाई आणि तेलकंपनीचा संचालक एकाच रांगेत उभे राहतात. दोन्हींत खोट आहे. कॅथलिक उपासनेतल्या सामूहिक पापकबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला न केलेल्या कर्तव्याचाही समावेश दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर करण्यात आला. पर्यावरणीय पापाचा मोठा भाग या चौथ्या प्रकारात मोडतो: दिसत असताना गप्प बसणे.

काही ख्रिस्ती गटांना हा सगळा विचारच मान्य नाही, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेतल्या अनेक इव्हँजेलिकल मंडळींच्या मते जगाचा अंत ठरलेलाच आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पृथ्वी अग्नीने जाईल असे लिहिले असताना तिची डागडुजी कशाला? त्यांच्यातूनच आलेल्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो वर्षानुवर्षे चर्चमध्ये जाऊन या युक्तिवादाला उत्तर देत आहेत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टी नष्ट होण्यासाठी नव्हे, मुक्त होण्यासाठी कण्हत असल्याचे म्हटले आहे, याची तरी त्या मंडळींना आठवण असायला हवी.

परंतु दूरच्या तेलकंपनीचे पाप दाखवणे सोपे असते. परीक्षा होते ती पाप आपल्याच बाकांवर बसलेले असते तेव्हा. तशी परीक्षा केरळात झाली आणि तिचा एक धागा थेट पुण्याला जोडलेला आहे. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. सारा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याचे तीन थर करावेत, सर्वांत नाजूक भागात खाणी-खदानींना थारा देऊ नये आणि कुठे काय करायचे हे ग्रामसभांना विचारून ठरवावे, असे त्यात होते. सरकारने तो महिनोन्‌महिने दडवून ठेवला. तो लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत जाण्याऐवजी अफवा पोहोचल्या. इडुक्की जिल्ह्यातल्या कॅथलिक चर्चने अहवालाविरुद्ध आणि नंतरच्या कस्तुरीरंगन अहवालाविरुद्धही रान उठवले. बिशपांनी पत्रे काढली, धर्मगुरू मोर्चांच्या अग्रभागी चालले. इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस यांनी मात्र गाडगीळ अहवालाची बाजू घेतली. त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली गेली आणि तीत धर्मगुरू सामील झाले. २०१४मध्ये थॉमस यांना तिथून उमेदवारी मिळाली नाही. निवडून आले ते चर्चचा पाठिंबा असलेल्या आंदोलनाचे उमेदवार. थॉमस डिसेंबर २०२१मध्ये वारले. आपल्यावर धार्मिक अंत्यसंस्कार करू नयेत, दहन करावे आणि अस्थी आईच्या कबरीत ठेवाव्यात, असे त्यांनी लिहून ठेवले होते.

इडुक्कीच्या चर्चला खलनायक ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. तिथले शेतकरी चाळीस-पन्नासच्या दशकांत अन्नटंचाईच्या काळात, सरकारच्याच ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या हाकेला ओ देऊन डोंगरात गेले. मलेरिया आणि हत्तींशी झुंजत त्यांनी जमीन लागवडीखाली आणली. १९६१मध्ये धरणासाठी अय्यप्पनकोविलहून हजारोंना भर पावसात हुसकावण्यात आले, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन उपोषणाला बसले आणि फादर वडक्कन हा कट्टर कम्युनिस्टविरोधक धर्मगुरू त्यांच्या बाजूने उभा राहिला. चर्चच्या स्मृतीत ‘सर्वेक्षण’ आणि ‘निष्कासन’ हे शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत. गरिबांचा आक्रोश त्यांनी ऐकला होता. पृथ्वीचा ऐकायचा राहिला. पण गरिबांच्या आक्रोशाच्या आडून खाणवाले आणि रिसॉर्टवाले आपले काम उरकून घेत होते, हे न दिसण्याइतके धर्मगुरू भोळे नव्हते. ऑगस्ट २०२०मध्ये इडुक्कीतल्याच पेट्टीमुडी इथे डोंगर चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळींवर कोसळला आणि सुमारे ७० माणसे गेली. जुलै २०२४मध्ये वायनाडमधली मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे वाहून गेली. अडीचशेहून अधिक मृत्यू. प्रत्येक दरडीचे खापर एका अहवालाच्या विरोधावर फोडणे शास्त्राला धरून नाही. पण चर्चने आपल्या लोकांना कोणता धोका सांगायला हवा होता आणि सांगितला नाही, हा प्रश्न न केलेल्या कर्तव्याच्या सदरात बसतो. त्याची कबुली केवळ मदतछावण्या उघडून पुरी होत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठी वाचकांना ठाऊक आहे. वसईतल्या नंदाखालच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बिल्डरांसाठी खुला होऊ लागला, तेव्हा त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणले. वसई म्हणजे केळी, विड्याची पाने, फुले, भाजी. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाणारे भारे. हे सगळे उभे होते गोड्या पाण्याच्या विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतले तळे: पावसाळ्यात पाणी साठवायचे, जमिनीत मुरवायचे आणि शेजारी खाडी असूनही विहीर गोडी ठेवायचे. नव्या इमारतींना पाणी पुरवण्यासाठी पंप लावून विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, टँकर रात्रंदिवस फिरू लागले. समुद्राकाठी गोडे पाणी बेसुमार उपसले की त्या जागी खारे पाणी सरकते. हे मचूळ पाणी शेजाऱ्याच्याही वाडीत शिरते, त्याने एक बादलीही विकलेली नसली तरी.

दिब्रिटोंच्या लढ्याला बायबलमध्ये पूर्वज आहे, तो नाबोथ. ‘राजे’ या पुस्तकात अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या वाफ्यांसाठी हवा असतो. दाम देतो, बदल्यात याहून चांगला मळा देतो, असे तो म्हणतो. नाबोथ वाडवडिलांची जमीन द्यायला नकार देतो आणि खोट्या साक्षी उभ्या करून त्याला ठार केले जाते. मग एलीया संदेष्टा मळ्यात येऊन राजाला त्याचे पाप तोंडावर सांगतो. वसईत अहाब बरेच होते, त्यांच्या हातात पैसा होता आणि काहींच्या हातात पिस्तूलही. पण वसईची गोष्ट बायबलहून अवघड आहे, कारण इथे पुष्कळ नाबोथांनी मळा स्वतःच विकला. कुणी धाकाने, कुणी भावंडांच्या वाटण्यांमुळे, कुणी दराला भुलून. दर रविवारी मिस्सेला येणाऱ्या माणसांना, विहिरीचे पाणी टँकरला विकणे हे शेजाऱ्याविरुद्धचे पाप आहे असे सांगायला एलीयापेक्षा वेगळे धैर्य लागते. राजाला सुनावणारा संदेष्टा हुतात्मा होतो; आपल्याच धर्मग्रामाला (पॅरिशला) सुनावणारा फादर नकोसा होतो. दिब्रिटोंनी तो नकोसेपणा पत्करला. जुलै २०२४मध्ये ते गेले, तोवर वसईचा पुष्कळसा हिरवा भाग गेलेला होता. तरी वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत ऑक्टोबरात आगेरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी नेल्या जातात. कित्येक ठिकाणी आता त्या दुसऱ्याच्या शेतातून आणाव्या लागतात.

धर्मग्रामाने हे कसे पेलावे याचा एक नमुना इथिओपियात आहे आणि तो व्हाइट यांच्या सिद्धान्तालाही छेद देतो. उत्तर इथिओपियाच्या पठारावरचे मूळ जंगल शेती आणि चराईपायी जवळजवळ संपले आहे. विमानातून पाहिले तर तपकिरी शेतांत हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाचे गोल देऊळ असते. देवळाला झाडांचे वस्त्र हवे, उघडे देऊळ शोभत नाही, एदेन बागेतल्या प्रत्येक जिवाला तिथे जागा हवी, अशी त्यांची श्रद्धा आहे. जगातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती परंपरांपैकी ही एक. कोकण-मावळातली देवराई पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. योगायोग असा की, देवरायांची शास्त्रीय नोंद सत्तरच्या दशकात ज्यांनी वा. द. वर्तक यांच्यासोबत केली, ते गाडगीळच.

अलेमायेहू वासी हे तिथले वनशास्त्रज्ञ अशाच देवळात लहानाचे मोठे झाले. जंगलात गुरे शिरून रोपे तुडवतात, कडेची झाडे मरतात आणि दरवर्षी ठिपका आकसतो, हे त्यांनी मोजून दाखवले. अमेरिकन वनशास्त्रज्ञ मार्गारेट लोमन यांच्या साथीने त्यांनी धर्मगुरूंना एकत्र बसवून उपग्रहचित्रे दाखवली. उपाय गावकऱ्यांकडूनच निघाला: जंगलाभोवती दगडी गडगा. शेतातलेच दगड वेचून रचायचे. शेतही मोकळे होते आणि गुरेही बाहेर राहतात. काही गावांनी गडगा जंगलाच्या कडेला न घालता थोडा बाहेर घातला, म्हणजे आपल्या चराईची पट्टी सोडली, आणि त्या पट्टीत रोपे उगवली. जमीन देवाची आहे, हे लेवीयाचे वचन इथे काही हात रुंदीच्या जमिनीत मोजून दाखवता येते.

नव्या करारातला जक्कय हा जकातदारही असाच मोजणारा. येशू त्याच्या घरी जेवायला येतो, तेव्हा तो आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल करतो. ल्यूकच्या शुभवर्तमानात त्याच्या अश्रूंचा उल्लेख नाही, आकडे आहेत. ख्रिस्ती धर्मसंस्थांनी अलीकडे हे आकडे मांडायला सुरुवात केली आहे. सुमारे १० अब्ज पौंडांचा निधी सांभाळणाऱ्या चर्च ऑफ इंग्लंडच्या आयुक्तांनी कित्येक वर्षे तेलकंपन्यांचे भागधारक म्हणून बैठकांत बसून त्यांना समजावले. पॅरिस कराराच्या दिशेने त्या वळत नाहीत हे पाहून जून २०२३मध्ये शेल, बीपी, एक्सॉनमोबिल धरून उरलेल्या ११ मोठ्या कंपन्या गुंतवणुकीतून वगळल्या. फिलिपाइन्सच्या कॅथलिक बिशपांनी जानेवारी २०२२मध्ये याहून जिव्हारी लागणारा निर्णय घेतला: खाणी आणि तत्सम उत्खननाच्या धंद्यांतून येणाऱ्या देणग्या यापुढे स्वीकारायच्या नाहीत. गावोगावचे देऊळ, शाळा, दवाखाना स्थानिक दात्यांच्या पैशांवर चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या ठरावाची किंमत कळेल. आता हा ठराव एकेका बेटावरच्या एकेका धर्मग्रामाला पाळून दाखवायचा आहे, आणि त्यासाठी देणगी घेऊन दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणायचे आहे.